चित्र स्वच्छ होते

मित्रांनो, माझ्या नावावर एक खोटे खपवून मोठ्या डॉक्टरांना काय मिळणार होते, ते आधी सांगते. सोमवारी त्यांनी अख्ख्या वॉर्डासमोर एका मुलीला शब्द दिला होता, "बाबांना चालत घरी पाठवतो." तो शब्द आणखी दोन दिवस तगणार होता. बस, एवढाच नफा.

मी एक जुनी सीटी स्कॅन मशीन आहे. एक मोठे कडे आणि त्यातून आतबाहेर करणारे अरुंद टेबल, एवढाच माझा संसार. नवी होते तेव्हा संचालक पाहुण्यांना मला नव्या सुनेसारखे दाखवत. पुढे टेबल कुरकुरू लागले आणि पाहुणे आटले. चित्रांत मात्र मी कधी कुचराई केली नाही. मला चालवणाऱ्या ताई रोज सकाळी पाण्याने भरलेले भांडे माझ्या कड्यात ठेवून माझी परीक्षा घेत. बारा वर्षांत मी एकदाही नापास झाले नाही.

त्या मुलीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करणारे मिस्त्री. डोक्यात रक्तस्राव झाला आणि ते शुद्धीवर आलेच नाहीत. मेंदू मेला आहे का, हे पाहायला गुरुवारी डॉक्टरांनी त्यांना तपासले. डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाला हलत नव्हत्या. घशातली नळी हलवली तरी खोकला येत नव्हता. शेवटची परीक्षा श्वासाची. कृत्रिम श्वास थांबवून रुग्ण स्वतःहून श्वास घेतो का, ते पाहायचे. पण रक्तदाब कोसळू लागला आणि ती अर्धीच सोडावी लागली. अशा वेळी मला साक्षीला बोलावतात. एकट्या माझ्या साक्षीवर कुणाला मृत ठरवत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण इथे श्वास सोडून बाकी सगळे साक्षीदार बोलून झाले होते.

रक्तदाब सावरल्यावर त्यांना माझ्याकडे आणले. रक्त उजळून दाखवणारे औषध शिरेतून सोडले. मानेतल्या रक्तवाहिन्या लख्ख उजळत वर आल्या आणि कवटीच्या उंबऱ्यावर थांबल्या. आत काळोख. मेंदूला रक्त पोचतच नव्हते.

"साहेब, हे तर..." ताई म्हणाल्या.

"चित्र धूसर आहे."

"आरशासारखं स्वच्छ आहे, साहेब."

"ताई, तुम्ही बटणं दाबा. वाचायचं मी बघतो."

बाहेर मुलगी उभी होती. "डॉक्टर, खरं काय ते सांगा. बाबा म्हणायचे, बंद पडलेल्या लिफ्टचे चांगले भाग आम्ही दुसरीकडे बसवतोच की, माझंही तसंच करा. ती वेळ आली असेल तर मला आत्ताच कळायला हवं."

"छे, छे! मशीन म्हातारी झालीय, तिचं काय मनावर घेता? शनिवारी पुन्हा बघू."

मुलगी चार दिवसांत पहिल्यांदा हसली. तिने तिथूनच फोन लावला. "आत्या, घाईनं निघू नकोस. मशीनच बिघडलीय!" माझ्या बदनामीने कुणाला इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता.

शुक्रवारभर मिस्त्रींचा रक्तदाब ढासळत राहिला. शनिवारी, माझ्यापर्यंत आणण्याआधीच, त्यांचे हृदय थांबले.

"निदान किडन्या तरी घ्या," मुलगी म्हणाली.

"हृदयच थांबलं, आता नाही गं घेता येणार," नर्सबाई म्हणाल्या. "दोन दिवस आधी कळलं असतं तर."

मुलगी तडक ताईंकडे आली. "गुरुवारचं चित्र दाखवता?" ताईंनी दाखवले.

"हे धूसर आहे?"

ताईंनी पडदा बंद केला.

सोमवारी सकाळी पाण्याच्या भांड्याची परीक्षा झाली. मी पास झाले. मग डॉक्टरांच्या सहीचा कागद आला, आणि ताईंनी तो स्वतःच्या हाताने माझ्या कपाळावर चिकटवला: 'नादुरुस्त'. डॉक्टरांचे मला फारसे वाटले नाही. ताईंचे वाटले.

मित्रांनो, यंत्र म्हातारे झाले तर खुशाल बदला. पण त्याने वाईट बातमी दिली म्हणून त्याला खोटे पाडू नका. आणि ती बातमी माणसाने माणसाला वेळेवर सांगायची असते, तेवढे टाळू नका.

डॉक्टरांचे नाव राहिले. मशीनने घात केला, असेच लोक म्हणतात. ताईंची नोकरी राहिली. माझी अब्रू गेली. मुलीच्या हातून बाबांची इच्छा निसटली. आणि कुठल्या तरी वॉर्डात किडनीची वाट पाहत पडलेल्या दोघांना तर आपण काय गमावले, ते कुणी सांगितलेही नाही.