निदाने अर्धवट सोडलेलं शहर

ओमानमधल्या मस्कतच्या अल खौद भागातल्या त्या फ्लॅटमध्ये बरेच दिवस कुणी टेबलावर जेवलं नव्हतं. टेबलावर पुठ्ठ्याचं शहर उभं राहत होतं. नववीतली मैथिली आणि तिची मैत्रीण निदा शाळेच्या प्रदर्शनासाठी 'उद्याचं शहर' बनवत होत्या. त्यात कचरा उचलणारा रोबोट होता, बस चालवणारा होता आणि खोकी रचणारा एक यांत्रिक हातही होता. तो हात निदाने जीव ओतून केला होता.

मैथिलीचे बाबा कृष्णकांत जवळच्या बरका शहरातल्या एका गोदामात मॅनेजर होते. येता-जाता ते कौतुकाने म्हणायचे, "शाब्बास! आमच्याकडे अगदी अशीच मशीन्स आलीत. आता माणसांची कटकटच नाही!"

निदा हसायची. तिचे अब्बा सिराजभाई त्याच गोदामात शिफ्ट सुपरवायझर होते.

एके दिवशी निदा आलीच नाही. फोनही उचलेना. मैथिली आईला घेऊन तिच्या घरी गेली, तर दारातच बांधलेल्या बॅगा!

"अब्बांची नोकरी गेली," निदा म्हणाली. "आम्ही दापोलीला चाललोय. वर्षसुद्धा पुरं होणार नाही माझं."

दोघी नुसत्या एकमेकींचा हात धरून बसून राहिल्या.

घरी येताच मैथिलीने विचारलं, "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"डिसिजन वरून येतो, बेटा. मी फक्त मशीन्स सुचवली."

"पण निदाला का जायला लागतं? तिने काय राँग केलं?"

तेव्हा मैथिलीची आई किशोरीताई म्हणाल्या, "अहो, मशीन आणू नका असं कोण म्हणतंय? पण ती येणार हे तुम्हाला कधीचं ठाऊक होतं. तेवढ्या काळात सिराजभाईंना एकदा तरी विचारलंत, हे चालवायला शिकाल का म्हणून?"

"मला वाटलं, या वयात त्यांना जमणार नाही."

"वाटलं! विचारलं नाहीत ना? मशीनने त्यांचं काम घेतलं, पण त्यांना अंधारात तुम्ही ठेवलंत!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कृष्णकांत सिराजभाईंकडे गेले. भांडी बांधून झाली होती, तरी सिराजभाईंनी शेजारून चहा मागवला.

"शिकलो असतो, साहेब," ते शांतपणे म्हणाले. "फोर्कलिफ्ट तरी कुठे आईच्या पोटातून शिकून आलो होतो? पण कुणी विचारलंच नाही."

"मी उद्याच वर बोलतो..."

"व्हिसा कॅन्सल झालाय, साहेब. खलास. चहा घ्या, गार होतोय."

एकही कडू शब्द नाही! तेच कृष्णकांतांना जास्त लागलं.

प्रदर्शनाच्या दिवशी मैथिली एकटीच उभी होती. रोबोट पाहून परीक्षक खूश झाले. मग त्यांनी सहज विचारलं, "या शहरात माणसं कुठे आहेत?"

तिने शहराकडे पाहिलं. खरंच, एकही माणूस नव्हता! "सर, आम्ही विसरलो," एवढंच ती इंग्रजीतून बोलू शकली. पालकांच्या गर्दीत उभ्या असलेल्या कृष्णकांतांनी मान खाली घातली.

पुढे कंपनीच्या रुस्ताक गावातल्या दुसऱ्या गोदामात मशीन्स बसवायची वेळ आली, तेव्हा ते मीटिंगमध्ये उठून उभे राहिले. "आधी तिथल्या माणसांना शिकवू, मग मशीन आणू!" अर्बाब, म्हणजे कंपनीचा ओमानी मालक, कुरकुरला, शेवटी निम्म्या माणसांना शिकवायला तयार झाला. उरलेल्यांसाठी कृष्णकांत अजून भांडत आहेत.

त्यांनी दापोलीला फोन करून हे सांगितलं. "बरं केलंत, साहेब," सिराजभाई म्हणाले. "त्यांची मुलं तरी शाळेत राहतील."

"निदाला देता फोन? मैथिलीला बोलायचंय."

पलीकडे बराच वेळ कुजबुज ऐकू आली. मग सिराजभाई म्हणाले, "आज नको, साहेब. राग नाहीये तिला. पण तुमच्याकडचं कुणाचंही नाव काढलं की रडते पोर."

वाचकहो, यंत्रं येणारच, आणि यावीतही. पण यंत्र ज्याच्या हातचं काम उचलणार आहे, त्याला आधी सांगा, आधी शिकवा. नंतर होणारा पश्चात्ताप खराच असतो. पण निघून गेलेल्या मुलीला तो तिच्या वर्गात परत आणून बसवू शकत नाही.