घराकडे न वळण्याचा नियम

अनोळखी लोकांची इंटरनेटवरची ये-जा आपल्या कॉम्प्युटरमधून फुकट पुढे पाठवायची आणि कोण आलं ते बघायचं नाही, हा माझा उद्योग. बायको म्हणते, लष्कराच्या भाकऱ्या! पण कुणाला कुठे जाऊ द्यायचं, हे नियम मीच लिहितो. सकाळी ते साफसूफ करताना एक ओळ फालतू वाटली म्हणून उडवली. या अनोळखींपैकी कुणीही आमच्या घरातल्या उपकरणांकडे वळू नये, अशी ती ओळ होती. हे दुपारी लक्षात आलं, स्वयंपाकघरातला इंटरनेटला जोडलेला स्पीकर आपणहून बोलला तेव्हा.

"दार उघडं राहिलंय," तो हळूच म्हणाला.

बायकोच्या हातातली पळी तशीच राहिली. "अहो, हे कोण?"

"असेल कुणी टवाळ!" मी खेकसलो. धावत जाऊन ती ओळ परत लिहिली, सगळं बंद करून चालू केलं आणि मिशीवर ताव देत परतलो. "लावलं दार. आता येऊन दाखव म्हणावं!"

स्पीकर गप्प होता. बायकोने सुस्कारा सोडला.

तेवढ्यात झोपायच्या खोलीतून तोच आवाज आला. तिथे पलंग आणि कपाटाशिवाय काहीही नाही.

"अहो, मी आतच राहिलो की."