बॅगा राखायला आई

तिसऱ्या बाकावर बसताना मधुमतीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी लेस्टरहून निघताना मुलगा यतीन म्हणाला होता, "आई, आज तुला अख्खं यॉर्क दाखवतो." आत्तापर्यंत पाहिलं काय, तर यॉर्कचे बाक! टेकडीवरच्या बुरुजाचा जिना उभा, म्हणून या खाली बाकावर. व्हायकिंगांच्या म्युझियममध्ये अंधार, म्हणून या बाहेर. आता मिन्स्टरचा, म्हणजे इथल्या त्या अवाढव्य चर्चचा मनोरा चढायचा, तर पुन्हा तेच. सोबतीला चार बॅगा. डबे, थर्मास आणि सगळ्यांची जॅकेट्स.

"आई, तुम्ही निवांत बसा हं," सून आश्लेषा म्हणाली. "गुडघ्यांना उगाच त्रास नको. आणि बॅगांपाशी कुणीतरी हवंच ना."

"आजी का नाही येत?" नऊ वर्षांच्या सान्वीनं विचारलं.

"मी स्लॉट तिघांचाच बुक केलाय," यतीन घड्याळ बघत म्हणाला. "चला, वी आर लेट."

विचारलं नाही, सवरलं नाही. साताऱ्यात रोज पहाटे अजिंक्यतारा चढून उतरणारी ही बाई. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, दर हिवाळ्यात साठ-साठ पोरं घेऊन गड पालथे घातले. याच यतीनला राजगडाच्या बालेकिल्ल्यावर रडू फुटलं, तेव्हा पाठीवर घेऊन खाली आणलं होतं. गुडघा दुखला तो दोन वर्षांपूर्वी, आठवडाभर. फोनवर सांगायची चूक केली आणि कायमच्या अधू ठरल्या. आता परवाचं विमान. पुन्हा इथे येणं कुठलं!

फोन वाजला. घरच्या ग्रुपवर यतीननं फोटो टाकला होता. बाकावर हसणाऱ्या मधुमतीबाई, मागे मिन्स्टर. 'आई एन्जॉइंग यॉर्क!' खाली साताऱ्याहून नीनावन्सं, त्यांची नणंद, लगेच हजर. 'वहिनी, नशीब काढलंत. असा श्रावणबाळ सगळ्यांना मिळो.'

फोटो काढताना यतीन 'स्माइल' म्हणाला आणि त्या हसल्या होत्या. त्या हसण्याचाच त्यांना सगळ्यात जास्त संताप आला.

"खड्ड्यात गेल्या बॅगा!" त्या मोठ्यांदा म्हणाल्या. पर्स खांद्याला अडकवली आणि निघाल्या.

शहराचा जुना तट जवळच होता. ना तिकीट, ना स्लॉट. पायऱ्या भराभर चढून त्या वर आल्या. दगडी वाट, कडेला भिंत, भिंतीत जंग्या, म्हणजे शत्रूवर मारा करायच्या फटी. त्यांनी एका जंगीत कोपरापर्यंत हात घातला. आतून रुंद, बाहेरून अरुंद. "बरोबर बांधलीय," त्या वर्गात सांगावं तसं म्हणाल्या. ऐकायला मात्र कुणी नव्हतं. सान्वीला किती सांगता आलं असतं! पलीकडे मिन्स्टरच्या मनोऱ्यावर मुंगीएवढी डोकी दिसत होती. त्यातली तीन आपली, या विचारानं त्यांना पुन्हा रागच आला.

तट अर्धाअधिक चालून झाला तेव्हा यतीनचा फोन आला.

"आई, बॅगा अशा सोडून कुणी जातं का? इथे सिक्युरिटीवाले जमलेत! सस्पिशस बॅग्ज म्हणून पोलिसांना बोलवत होते!" मग दुसऱ्याच कुणाला तरी, "येस, येस, अवर बॅग्ज. सो सॉरी." आणि फोन कट.

मधुमतीबाई फोन हातात धरून उभ्या राहिल्या. आई कुठे आहेस, हे त्यानं विचारलंच नव्हतं. पाच मिनिटं गेली. दहा गेली. बॅगा मिळाल्या होत्या, विषय संपला होता.

मग त्यांनी ग्रुप उघडला आणि 'श्रावणबाळ'च्या खाली टाइप केलं, 'वन्सं, यॉर्क मी पाहिलं नाही. दिवसभर बाकावर बसून बॅगा राखल्या. मला मोजून वगळूनच बुकिंग केलं होतं.'

मिनिटभरात फोन खणखणला.

"आई, तो मेसेज आधी डिलीट कर! अगं, सगळे वाचतायत!"

"मी कुठे आहे?" मधुमतीबाईंनी विचारलं.

"अं? कुठे म्हणजे?" यतीन म्हणाला.

"ते शोध आधी," त्या म्हणाल्या आणि फोन बंद करून पुढच्या बुरुजाकडे चालू लागल्या.