दोन वकिलांचे एक मेज

मित्रांनो, मी एक जुने सागवानी मेज आहे. छावणीतल्या एका सुताराने मला घडवले. पोलीस ॲक्शनने निजामाचे राज्य संपले, त्यानंतर काही वर्षांनी नानासाहेब आणि शौकत या दोन वकिलांनी मला शहागंजातल्या आपल्या कचेरीत आणले. दोघे समोरासमोर बसून माझ्यावर काम करीत.

निजामाच्या काळातले उर्दू कागद शौकतसाहेब वाचत. नव्या कायद्याची बाजू नानासाहेब मांडत. एक जण दुसरीकडे अडकला, तर दुसरा त्याच्या पक्षकारासाठी कोर्टात उभा राही. "एकाला गाठलं की दोन वकील मिळतात," असे लोक म्हणत. जालन्यापासून पैठणपर्यंतचे पक्षकार येऊ लागले. माझ्यावर चहाचे डाग पडत, आणि मला त्यांचाही अभिमान वाटे.

काम वाढले, तशी मने आखडली.

"पक्षकार मी आणतो," नानासाहेब एकदा म्हणाले.

"आणि कागद कोण वाचतं?" शौकतसाहेबांनी विचारले.

दुसऱ्याच दिवशी माझ्या मधोमध उभी फळी ठोकली गेली. खिळे आत शिरले, पण मला ओरडता आले नाही.

पैठणची चतुराबाई नानासाहेबांची पक्षकार. नवरा वारलेला, घरातच पैठणीचा माग. दिराला ते घर पाडायचे होते. कोर्टाने त्याला तात्पुरती मनाई केली होती. ती वाढवून घ्यायच्या दिवशी नानासाहेब दुसऱ्या कोर्टात अडकले. इकडे चतुराबाईच्या कोर्टात तिच्या नावाचा पुकारा झाला. शौकतसाहेब तिथेच बसले होते, पण उठले नाहीत. मनाई संपली आणि दिराने घर पाडले. माग ढिगाऱ्याखाली मोडला.

चतुराबाई कचेरीत आली, माझी कड घट्ट धरून उभी राहिली.

"शौकतभाऊ, म्या हाक मारली. तुमी खाली पाहिलं."

"मुकदमा त्यांचा होता, बाई."

"व्हय. पर घर माझं होतं ना?"

मग नानासाहेबांनी फळीला हात घातला; पलीकडून शौकतसाहेबांनी जोर लावला. फळी निघाली. पुढे दोघे मिळून लढले आणि घराच्या जागेचा दावा जिंकले. पण निकाल सांगायला गेले, तेव्हा चतुराबाई लोकांची भांडी घासत होती. "निस्ती जागा घिऊन काय करू, साहेब?" एवढेच ती म्हणाली.

मित्रांनो, कामे खुशाल वाटून घ्या, माणसे वाटून घेऊ नका. शेजाऱ्याच्या माणसाने हाक मारली, तरी उठा.