सहा वल्ही आणि एक देवमाशीण

तेव्हा देवमाशांची शिकार बंद होऊन बारा वर्षं झाली होती. शिकारीच्या होड्या मात्र आम्ही मोडल्या नव्हत्या. दर ऑगस्टला त्यांच्या शर्यती लागायच्या, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच आम्हा पिको बेटावरच्या बायकांची होडी पाण्यात उतरली. सहा वल्ही, सहा बायका. सुकाणूवर सेराफीमकाका. तरुणपणी याच होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला उभं राहून त्यांनी देवमाशांवर भाला फेकला होता.

समोर फायाल बेटाच्या बायका. बाकीच्या बेटांच्या होड्यांना हरवत चार वर्षं त्याच जिंकत होत्या. त्यांची कप्तान झुल्मिरा मला धक्क्यावर बघून ओरडली, "देओलिंदा, आज घरी चूल कोण बघतंय गं?"

"तुझा नवरा!" मी म्हटलं. सगळा धक्का हसला. तिचा नवरासुद्धा.

पिपाणी वाजली आणि आम्ही सुटलो. लांबच्या लाल पिंपाला वळसा घालून परत यायचं होतं. पिंपापर्यंत पोचतो तोवर फायालवाल्या अर्धी होडी पुढे गेल्या होत्या.

"ओढा गं! कणीक मळताय का?" काका खेकसत होते. "ग्रासिंदा, पाठ वापर, पाठ!" ग्रासिंदा माझी मावसबहीण. अबोल, पण बैलासारखी ताकद.

वळसा घातला आणि डोंगरावर ठो! आवाज झाला.

दारूचा बाण! देवमासा दिसल्याची खूण. टेहळणीच्या खोलीतून म्हातारा झेफिरीनो अजूनही सवयीने दुर्बीण लावून बसायचा. तो बाण उडाला की आमचे वडील हातातला घास टाकून किनाऱ्याकडे धावायचे. मी लहानपणी हजारदा ऐकलेला आवाज. अंगावर सर्रकन काटा आला.

"कुठंय? कुठंय?" काका ताडकन उभेच राहिले.

उजवीकडे, अगदी जवळ, पाण्यातून तिरका फवारा उडाला. मग देवमाशिणीची काळी पाठ वर आली. येतच राहिली, संपेचना! आणि तिच्या कुशीला चिकटून एक पिल्लू.

"वल्ही वर," काका कुजबुजले. "आवाज नको."

झुल्मिराची होडीही थांबली. पंच मोटारबोटीतून भोंग्यात ओरडत होते, पण कोण ऐकतंय! पिल्लू सरळ आमच्याकडे आलं. होडीला अंग घासलं, तशी फळी न् फळी थरथरली. आईने श्वास सोडला, तो ओला, मासळीच्या वासाचा फवारा आमच्या तोंडांवर. मी सुकाणूकडे पाहिलं. काकांचा उजवा हात आपोआप खांद्यावर गेला होता, भाला पेलावा तसा. त्यांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी हात हळूच खाली घेतला आणि सुकाणूच्या वल्ह्यावर ठेवला.

शेपटी उभी राहिली. घराएवढी मोठी! आणि दोघं खाली गेली.

"बाई गं," कुणीतरी म्हणालं. मी रडत होते की हसत होते, देव जाणे.

"पोरींनो," काका दबक्या आवाजात म्हणाले, "फायालवाल्या अजून पाण्यातच बघताहेत. ओढा!"

आम्ही ओढलं. तीन होड्यांच्या अंतराने जिंकलो. धक्क्यावर टोप्या उडाल्या, चर्चची घंटा कुणीतरी उगाचच बडवली.

"चोरट्या!" झुल्मिरा उतरल्या उतरल्या अंगावर आली. "काका, लाज वाटत नाही का या वयात?"

"झोपा काढायला मी सांगितलं होतं का?" काका म्हणाले.

मग जे भांडण जुंपलं! पंच नियमांचं पुस्तक चाळत बसले, पण देवमाशिणीबद्दल त्यात काहीच नव्हतं. तेवढ्यात ग्रासिंदा बोलली. दिवसभरात पहिल्यांदाच.

"पुन्हा लावा. आत्ताच."

मला वाटलं, हिला ढकलूनच द्यावं. तळहातांची सालं निघाली होती. पण झुल्मिराचे डोळे चमकले. "चल!"

ती दुसरी शर्यत मला नीट आठवतच नाही. फक्त काकांचा घोगरा आवाज, तोंडात रक्ताची चव आणि शेजारी फायालवाल्यांची वल्ही, आमच्याबरोबरीने, शेवटपर्यंत. धक्क्यापाशी आलो तेव्हा कोण पुढे, हे आम्हालाच कळेना. पंचांनी आमचं निशाण वर केलं. वल्ह्याच्या पात्याएवढा फरक होता, म्हणाले.

झुल्मिराने मला मिठी मारली आणि कानात अशी शिवी दिली की ती इथे सांगता येणार नाही.

दोन दिवस मला चमचा धरता येईना. मासळीचं कालवण ग्रासिंदानेच भरवलं, आणि मी तिला बोल लावत लावत दोन वाडगे संपवले.