ऊबबुवांचा गरम दगड

कल्पना करा, एका कोंदट दालनात तुम्ही दाटीवाटीने बसला आहात. बाहेर हाडे गोठवणारी थंडी. पडद्याआडून ऊबबुवा येतात आणि काळ्या फडक्यात गुंडाळलेला दगड तुमच्या हातात ठेवतात. दगड चक्क गरम!

"दगड नव्हे, प्राण आहे प्राण!" बुवा गरजतात. "हा गरम, तोवर रोग्याला काळ शिवणार नाही. मधे डॉक्टर घुसवलात, तर मात्र मी जबाबदार नाही हं!"

त्या गर्दीत पाववाल्याची मुलगी होती. तिचा धाकटा भाऊ वडिलांच्या मांडीवर तापाने फणफणत होता. श्वासासरशी त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात. वडिलांनी दगड त्याच्या छातीशी धरला होता.

"बाबा, दवाखान्यात जाऊ या ना."

"गप! अजून गरम आहे बघ."

इतक्यात पुढे बसलेली शिंपीणबाई किंचाळली. तिचे तान्हे बाळ गार पडले होते. दगड मात्र गरमच होता.

"तुझी श्रद्धा कमी पडली, बाई," बुवा म्हणाले.

बाईच्या हातून दगड निसटला, फडके सुटले. मुलीने तो उचलला. राखाडी. नख ओढताच पांढरी रेघ उमटली. बोटांना साबणासारखा बुळबुळीत लागला. हा स्पर्श तिच्या रोजच्या ओळखीचा होता.

ती समोरच्या आपल्या बेकरीत धावली. भट्टीच्या तोंडाचा एक सुटा दगड फडक्यात गुंडाळून तिने वडिलांच्या दुसऱ्या हातात ठेवला.

"सांगा बाबा, या दोघांत फरक काय?"

वडिलांना फरक सांगता येईना. "पण भट्टी तर पहाटेच विझवली..." ते पुटपुटले.

मुलीने पडदा ओढला. मागे शेगडी, निखाऱ्यांत दगड, आणि हातात चिमटा घेतलेला शिष्य!

मुलांनो, तो शंखजिऱ्याचा दगड. मऊ, तरी आगीत सहसा न तडकणारा. उष्णता पोटात साठवून सावकाश सोडतो, म्हणून भट्ट्या, शेगड्या त्याने बांधतात. रोज त्यावर पाव भाजणाऱ्यालाही भीतीपोटी तो ओळखू आला नाही. कुणी चमत्कार दाखवला, तर तीच गोष्ट साध्या वस्तूने होते का, ते करून बघा. आणि आजाऱ्याला आधी डॉक्टरकडे न्या.

"पाप लागेल, पोरी!" बुवा ओरडले. वडील दोन्ही हातांत दगड धरून थिजले होते. मुलीने भावाला शालीत गुंडाळले, पाठीवर घेतले आणि ती दवाखान्याकडे पळत सुटली. मागे दोन दगड फरशीवर आदळल्याचा आवाज आला. तिने वळून पाहिले नाही.