उन्हात वाळवलेला जिल्हा

त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि आमच्या उदगीरला नुसत्या घोषणा. ‘उदगीर जिल्हा झालाच पाहिजे’ म्हणून मोर्चा निघणार होता, त्यासाठी टी-शर्ट छापायचे होते. आमचे मालक, मन्मथअप्पा, चौकटीला जाळी ताणून त्यातून रंग ओढणारे, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगवाले. माझा सख्खा भाऊ शिवप्पा गरम मशीनवाला. रबरी अक्षरं कापायची, कपड्यावर ठेवायची, वरून तापलेलं झाकण दाबायचं. हे काम शिवप्पाला गेलं असतं, तर आमचं दुकान बंद आणि बिऱ्हाड पुण्याला नणंदेकडे. माझी नणंद तुम्ही पाहिली नाही, म्हणून तुम्ही सुखी आहात.

मोर्चाचे पुढारी हणमंतराव आमच्या अंगणात येऊन म्हणाले, "ज्याची छपाई धुतल्यावर टिकंल, त्याला काम."

"धुवायला पानी कोन देनार?" मी विचारलं. "टँकर येऊन आठ दिस झाले. मी थेंब देनार न्हाई."

मग असं ठरलं, की दोघांनी टी-शर्ट घालूनच आंघोळ करायची. तशीही तेव्हा सगळी माणसं बाजेवर बसून आंघोळ करत आणि खालच्या घमेल्यात जमलेलं पाणी पुन्हा कपड्यांना वापरत. बादली मात्र हणमंतरावांच्या घरून आली.

शिवप्पानं दोन तांबे ओतले आणि त्याचा ‘जि’ सुटून घमेल्यात पोहायला लागला.

"मशीन नीट तापली नव्हती," तो म्हणाला. बाहेर बेचाळीस डिग्री, आणि याची मशीन थंड! नाचता येईना, अंगण वाकडं. भावाचं हरणं बघून आनंद होऊ नये, पण मला झाला.

आमच्या मालकांचं अक्षर न अक्षर जागेवर होतं. हणमंतरावांनी खूश होऊन त्यांना मिठी मारली. सुटून बघतात, तर त्यांच्या पांढऱ्या शर्टावर सगळी घोषणा उमटलेली, तीही उलटी.

मला लगेच कळलं. हा रंग हिटरखाली भाजून पक्का करायचा असतो. मालकांनी विजेचं बिल वाचवायला तो उन्हात वाळवला होता. त्या उन्हानं विहिरी आटल्या, पण यांचा रंग अर्धकच्च्या भाकरीसारखाच राहिला. माझ्या डोळ्यांसमोर नणंद उभी राहिली.

हणमंतराव तणतणत आमच्या घरात शिरले आणि आतूनच ओरडले, "अरे, आरशात सरळ दिसतंय की!" बाहेर आले ते हसतच. "मन्मथअप्पा, काम तुमचं. रंग असाच कच्चा ठेवा. जो जिल्ह्याला नको म्हनंल, त्याला मिठीच मारतो! घरी जाऊन आरशात वाचत बसंल."

"दाजी, ही छपाई हाय का गोवर?" शिवप्पा कुरकुरला.

मी ऐकायला थांबलेच नाही. मालक कपडे बदलायला आत आले होते, त्यांना जाऊन घट्ट धरलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, दिवसाढवळ्या असं कधी केलं नव्हतं. पण आनंदच तेवढा झाला होता.

मग शहाण्यासारखी चहा घेऊन बाहेर आले. हणमंतराव एकदम आभाळाकडे बघायला लागले. शिवप्पा मात्र खो खो हसत सुटला. "अक्का, तू कवा गं मोर्चात शिरलीस?"

मी लाजून तोंड झाकायला पदर ओढला, तर पदरावरच उलटं ‘झालाच पाहिजे’.